मास्तर का मालक? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या कोचची गोष्ट

मार्चमध्ये अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरी नावाच्या गावात राहतो. गाव म्हणायचं, पण इथल्या देशी दुकानात कांदा-लसूण मसाल्याची बरणीसुद्धा मिळते, इतकी आपली माणसं आहेत. आणि मार्च म्हणजे इथे कॉलेज बास्केटबॉलचा महिना. देशभरातल्या साडेतीनशेहून जास्त वरच्या दर्जाच्या कॉलेज संघांतून ६८ संघ निवडतात. हरला तो घरी, अशा पद्धतीने तीन आठवडे सामने चालतात. ऑफिसात मीटिंगच्या आड प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक सामना लपलेला असतो.

एका संध्याकाळी अण्णा टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर पन्नाशीचा एक माणूस साडेसहा फुटी पोराच्या नाकाला नाक लावून ओरडत होता. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. कपाळावर शीर तटतटलेली, अंगात साधं पुलओव्हर. (पूर्वी हे लोक सूट-टाय घालायचे. करोनानंतर बहुतेकांनी तो थाट सोडला.)

"हा कोण?" अण्णांनी विचारलं. "मास्तर का मालक?"

मी म्हटलं, "कोच."

"ते दिसतंय रे. मास्तर का मालक, ते सांग."

अण्णांची तरुणपणाची वर्षं सांगलीकडच्या तालमींत गेली. वस्ताद म्हणजे काय चीज असते ते त्यांना माहीत आहे. वस्ताद कानाखाली काढतो आणि रात्री त्याच पोराच्या थंडाईत बदाम पडले का हेही बघतो. त्यामुळे ओरडण्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. ते पोरगं त्या माणसाचं कोण लागतं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही त्यावरच बोलत होतो, आणि हा लेख त्यातूनच आला.

आधी या कोचच्या हातात काय काय असायचं ते बघू. सतरा वर्षांचा, उंच, हाताला कसब असलेला मुलगा. त्याच्या घरी कोच स्वतः येतो, सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं जेवतो आणि "तुमच्या पोराला माणूस करून परत देतो" असा शब्द देतो. मुलाला स्कॉलरशिप मिळते, म्हणजे फी, राहणं, जेवण सगळं. पण १९७३ पासून ही स्कॉलरशिप एकेका वर्षाची झाली. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची का, यात कोचचा शब्द चालायचा. त्याला मैदानात किती मिनिटं उतरवायचं हेही कोचच ठरवणार. मुलगा वैतागून दुसऱ्या कॉलेजात गेला, तर तिथे त्याने एक वर्ष न खेळता बसायचं. कोचला मात्र असलं काही बंधन नव्हतं. तो आज इथे आणि उद्या दुप्पट पगारावर तिथे. खेळाडूला पगार नसायचा, कोचला लाखो डॉलर. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीतून सगळ्यात जास्त पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

अशा व्यवस्थेत पोराला नियम वाचवत नाहीत. कोच कसा माणूस आहे, यावरच सगळं येऊन थांबतं. म्हणून इथे कोचच्या स्वभावाबद्दल, सचोटीबद्दल लोक इतकं बोलतात.

यातली गंमत अशी, की ज्याने हा खेळ शोधला त्याला कोच ही भानगडच फारशी पटत नव्हती. जेम्स नायस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या शाळेत, थंडीत कंटाळलेल्या मुलांसाठी त्यांनी पीचच्या टोपल्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून हा खेळ काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि १८९८ ते १९०७ या काळात तिथल्या संघाचे पहिले कोच झाले. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या नामांकित विद्यापीठाच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला एकच कोच, तो म्हणजे खेळाचा जनक! त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन कोच व्हायला निघाला, तेव्हा "अरे, बास्केटबॉल शिकवायचा नसतो, खेळायचा असतो" असं ते त्याला म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. ॲलननी ऐकलं नाही, आणि या धंद्याचा पाया घातला. धंदा वाढला तोही हळूहळू. १९४८-४९ चा हंगाम येईपर्यंत टाइम-आउटमध्ये कोचने खेळाडूंशी बोलायलासुद्धा परवानगी नव्हती. आज टाइम-आउट म्हटलं की डोळ्यांसमोर कोचच येतो.

नायस्मिथ यांचा दुसरा एक विद्यार्थी आमच्या इथला. म्हणजे त्याची कर्मभूमी आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. जॉन मॅकलेंडन काळे होते. कॅन्सस विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलांना जागाच नव्हती, त्यामुळे शिकायला मिळालं पण खेळायला नाही. नायस्मिथनी त्यांना हाताशी धरून खेळ शिकवला. पुढे मॅकलेंडन डरममधल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात कोच झाले. त्या काळात गोरे आणि काळे एका मैदानात खेळले तर पोलीस केस व्हायची, कदाचित त्याहून वाईट काही.

१२ मार्च १९४४, रविवार. सकाळी अकराची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण तेव्हा सगळं गाव चर्चमध्ये असतं. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ गाड्यांतून आडवळणाने आला. पोरं डोक्यावरून जाकिटं ओढून आत शिरली. मागे जिमच्या दाराला कुलूप. प्रेक्षक नाहीत, वर्तमानपत्रात बातमी नाही. मॅकलेंडनच्या मुलांनी ८८-४४ असा, दुपटीने, सामना जिंकला. आणि मग कुणालाच घरी जावंसं वाटेना. त्यांनी संघ मिसळले आणि दुसरा डाव गोरे-काळे एकत्र खेळले. ही गोष्ट अनेक दशकं त्या खोलीबाहेर गेली नाही.

मॅकलेंडननी पुढे टेनेसीतल्या कॉलेजाला १९५७, ५८ आणि ५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं (छोट्या कॉलेजांच्या स्पर्धेतली) मिळवून दिली. तरी गोऱ्यांच्या कॉलेजात त्यांना मुख्य कोच व्हायला १९६६ उजाडावं लागलं. मला त्या रविवारची गोष्ट फार आवडते, कारण त्यात मॅकलेंडनना मिळवण्यासारखं काही नव्हतं. जिंकलो म्हणून सांगता येणार नाही, आणि पकडले गेलो तर नोकरी, कॉलेज, पोरांचा जीव सगळंच पणाला. तरी त्यांनी पोरांना ते मैदान दिलं.

इथून पुढे अण्णांना गाडीत घालून मी एक फेरी मारली. चॅपल हिल आणि डरम यांच्यात पंधरा-सोळा किलोमीटरचं अंतर. एकीकडे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, दुसरीकडे ड्यूक. तिसरं टोक रालीला, एनसी स्टेटचं. एवढ्याशा टापूत गेल्या साठ वर्षांत कोच या प्राण्याचे सगळे नमुने होऊन गेलेत.

डीन स्मिथ हे कॅन्ससच्या शिक्षकाचे चिरंजीव. वडीलही शाळेत कोच होते आणि १९३४ मध्येच त्यांनी आपल्या शाळेच्या संघात काळ्या मुलाला घेतलं होतं. स्मिथ चॅपल हिलला असिस्टंट म्हणून आले. १९६१ मध्ये इथल्या खेळाडूंची नावं सट्टेबाजांच्या लफड्यात आली, आधीचे कोच गेले, आणि तिशीतल्या स्मिथना गादी मिळाली. विद्यापीठाच्या प्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं की हार-जीत मी बघेन, तू संघ स्वच्छ ठेव. १९६५ च्या जानेवारीत एक सामना हरून बस परत आली, तर विद्यार्थ्यांनी आवारात स्मिथचा पुतळा फासावर लटकवलेला. संघातल्या एका खेळाडूने बसमधून उतरून तो ओढून काढला. विद्यापीठाने मात्र शब्द पाळला. पुढे काय झालं ते आकड्यांत असं: ३६ हंगाम, ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं. मायकेल जॉर्डन त्यांचाच.

पण इथल्या म्हाताऱ्या लोकांशी बोलाल तर ते आकडे सांगत नाहीत. ते सांगतात, बास्केट टाकणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हा स्मिथचा दंडक होता. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची. मग त्याला बाहेर घेत, आणि परत कधी उतरायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. तेच मूठ वर न करता रेंगाळताना दिसला, की आत कधी जायचं ते कोच ठरवणार. १९६६ मध्ये चार्ली स्कॉट हा त्या विद्यापीठाचा स्कॉलरशिपवरचा पहिला काळा खेळाडू आला. स्मिथनी त्याला विचारलं, तुला काय म्हणायचं, चार्ली की चार्ल्स? तो म्हणाला चार्ल्स. सगळं जग चार्ली म्हणत राहिलं, स्मिथ चार्ल्स म्हणत राहिले. एवढीशी गोष्ट, पण ज्याला जन्मभर लोकांनी हवं ते नाव ठेवलं, त्याला ती एवढीशी वाटली नसणार.

आणखी एक. असिस्टंट असताना ते आपल्या चर्चचे पाद्री आणि एक काळा विद्यार्थी यांच्यासोबत गावातल्या हॉटेलात जेवायला जाऊन बसले. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. वाढलं गेलं. पुढे कित्येक वर्षांनी एका पत्रकाराला ही गोष्ट पाद्र्यांकडून कळली, तेव्हा स्मिथ चिडले. योग्य वागल्याचा अभिमान कसला बाळगायचा, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा खूश झाले. "म्हणजे वस्ताद."

"थांबा," मी म्हटलं. कारण पुढचंही सांगायला हवं. २०१४ मध्ये एका चौकशी अहवालात उघड झालं, की याच विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं काही कोर्स नुसते कागदावर चालत होते. तास नाहीत, शिक्षक नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली ग्रेड घ्यायची. तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी असे कोर्स केले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे निरनिराळ्या खेळांचे खेळाडू. यातली पहिली काही वर्षं स्मिथच्याच कारकिर्दीतली. त्यांना हे माहीत होतं असं अहवालात सिद्ध झालेलं नाही. पण आमचा कोच आमच्या मुलांना पदवीशिवाय सोडत नाही, हा जो गावाचा अभिमान होता, त्याला त्या दिवशी तडा गेला. मी इथे नवा होतो तेव्हा. शेजारचे आजोबा आठवडाभर अंगणात दिसले नाहीत.

ड्यूकमध्ये माइक शशेफ्स्की. हे आडनाव इथे कुणीच पूर्ण उच्चारत नाही, सगळे 'कोच के' म्हणतात. १९८० मध्ये आले, पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय आणि ४७ पराभव, आणि हटवा याला म्हणून माजी विद्यार्थ्यांची ओरड. कॉलेजने ठेवलं. २०२२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा पाच विजेतेपदं आणि १,२०२ विजय नावावर. त्यांचा शेवटचा सामना चॅपल हिलविरुद्ध, ८१-७७ अशा हारीने. त्या रात्री आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत दिवाळी होती आणि अर्ध्या घरांत सुतक.

कोच के तयार झाले ते बॉब नाइट यांच्या हाताखाली, लष्करी अकादमीत. आणि नाइट हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात अवघड माणूस. इंडियाना विद्यापीठाला त्यांनी तीन विजेतेपदं मिळवून दिली. १९७६ चा त्यांचा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला. तेव्हापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एकही सामना न हरता कुणी विजेता झालेलं नाही. पैसे चारून खेळाडू आणल्याचा ठपका त्यांच्या संघावर कधी आला नाही, पोरं वर्गात बसायची. आणि हाच माणूस २३ फेब्रुवारी १९८५ ला पंचांवर चिडून भर सामन्यात लाल प्लास्टिकची खुर्ची मैदानात भिरकावतो. २००० मध्ये नील रीड या त्यांच्या माजी खेळाडूने सांगितलं, की सरावात कोचने माझा गळा धरला होता. नाइट समर्थक रीडवर तुटून पडले. मग व्हिडिओ बाहेर आला. हात गळ्यावर स्पष्ट दिसत होता. विद्यापीठाने शेवटची ताकीद दिली, आणि त्याच सप्टेंबरात आणखी एका प्रकारावरून काढून टाकलं.

आता दुसरी बाजू. १९८१ च्या विजेत्या संघात लँडन टर्नर नावाचा खेळाडू होता. विजेतेपदानंतर चार महिन्यांत मोटार अपघात झाला आणि तो कायमचा व्हीलचेअरवर आला. कोचच्या दृष्टीने त्याचा उपयोग संपला. नाइटनी त्याच्या उपचारासाठी निधी उभा केला, त्यासाठी वणवण केली आणि पुढच्या हंगामात त्याला संघाचा कप्तान नेमलं.

गळा धरणारा हात आणि हा हात एकाच माणसाचा. लोक म्हणतात, त्यांचा राग दिसतो पण मन सोन्याचं होतं. मला हे पटत नाही. ज्याच्या गळ्याला हात लागला त्याला मनाचं काय करायचं आहे? पण टर्नरची गोष्टही खोटी पाडता येत नाही. कोच ओळखायची माझी एक साधी पट्टी आहे: ज्या पोराचा काही उपयोग उरला नाही, त्याच्याशी तो कसा वागतो. नाइट या पट्टीवर पास होतात. आणि ज्या पोराचा उपयोग होता त्याच्याशी कसे वागले, तिथे नापास. माझी पट्टीच अपुरी आहे, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

तिसरा कोपरा रालीतला. जिम वल्व्हानो न्यूयॉर्कचे इटालियन, तोंडाला फेस येईपर्यंत बोलणारे. १९८३ मध्ये त्यांच्या कमकुवत समजल्या गेलेल्या एनसी स्टेटने ह्यूस्टनला शेवटच्या क्षणी ५४-५२ ने हरवलं. त्या आनंदात वल्व्हानो मैदानभर कुणाला मिठी मारू म्हणत सैरावैरा धावतात, ती फीत इथे दर मार्चमध्ये दाखवतात. पुढे त्यांचे खेळाडू फुकट मिळालेले बूट आणि तिकिटं विकत होते असं निघालं, अभ्यासाची अवस्था वाईट होती, आणि १९९० मध्ये त्यांना जावं लागलं. दोन वर्षांत कॅन्सर. ४ मार्च १९९३ ला, धरून स्टेजवर चढवावं लागलं अशा अवस्थेत, त्यांनी कॅन्सर संशोधनासाठी फाउंडेशन काढल्याचं जाहीर केलं. ते भाषण लोकांना पाठ आहे. आठ आठवड्यांत ते गेले, ४७ व्या वर्षी, ड्यूकच्या हॉस्पिटलात. एके काळचा कट्टर प्रतिस्पर्धी कोच के तिथे त्यांच्याजवळ येऊन बसायचा. लोकांना आता बूट-तिकिटांचं प्रकरण आठवत नाही. मरणाने माणसाचा हिशेब असा बदलून टाकावा का, यावर आमच्या घरात एकमत नाही.

आमच्या टापूबाहेरचे दोघे-तिघे सांगितल्याशिवाय मात्र ही गोष्ट अर्धी राहील. कॅलिफोर्नियातले जॉन वूडन हे तर दैवत: १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं, सलग ८८ विजय. नव्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे? मोजा कसा घालायचा. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटपतो. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात. १९४७ मध्ये इंडियानातल्या छोट्या कॉलेजात असताना, संघातल्या एका काळ्या राखीव खेळाडूला स्पर्धेत प्रवेश नाही म्हटल्यावर त्यांनी स्पर्धेचं आमंत्रणच नाकारलं. आणि पुढे लॉस एंजेलिसला त्यांच्या खेळाडूंना एक श्रीमंत बिल्डर सवलती, भेटी पुरवत होता, तिकडे त्यांनी काणाडोळा केला. त्याबद्दल विद्यापीठाला शिक्षा झाली ती १९८१ मध्ये, वूडन निवृत्त झाल्यावर.

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनचे जॉन टॉम्पसन सहा फूट दहा इंच उंच. खांद्यावर कायम पांढरा टॉवेल आणि टेबलावर हवा काढलेला बास्केटबॉल. हवा गेली की खेळ संपला, मग काय करशील, हा प्रश्न पोराने रोज बघावा म्हणून. १९८४ मध्ये वरच्या दर्जाच्या कॉलेजांचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले काळे कोच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना कळलं, की शहरातला सगळ्यात मोठा कोकेन विक्रेता रेफुल एडमंड त्यांच्या खेळाडूंबरोबर उठबस करतो. त्यांनी पोलिसांकडे न जाता निरोप पाठवला. एडमंड ऑफिसात आला. टॉम्पसननी समोर बसवून सांगितलं, माझ्या मुलांपासून लांब राहायचं. आणि तो राहिला. ही गोष्ट ऐकल्यावर अण्णा ताठ बसले. "हा! हा वस्ताद."

पॅट समिटबद्दल मी अण्णांना सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. टेनेसीच्या शेतकरी घरातली मुलगी, १९७४ मध्ये २२ व्या वर्षी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कोच. पगार महिना २५० डॉलर. सामन्याला जायची व्हॅन त्याच चालवायच्या, परत आल्यावर संघाचे कपडेही त्याच धुवायच्या. कधी आदल्या रात्री समोरच्या संघाच्याच जिममध्ये जमिनीवर झोपायचं. तिथपासून ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदं. त्यांची नजर प्रसिद्ध होती. ओरडायची गरज पडायची नाही, नुसतं बघितलं की मुलगी गार. १९९० मध्ये एका मुलीला संघात आणायचं म्हणून पेनसिल्व्हेनियात तिच्या घरी गेल्या असताना त्यांना कळा सुरू झाल्या. विमान वाटेत कुठे उतरवू का, म्हटल्यावर नाही म्हणाल्या. बाळ टेनेसीतच जन्मलं. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, ते त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि आणखी एक हंगाम उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये गेल्या, चौसष्टाव्या वर्षी.

"मालकीण का मास्तरीण?" मी अण्णांना विचारलं.

"आई," आमची आई म्हणाली, आणि परत आत गेली.

आता जी गोष्ट सांगायची ती सगळ्यात काळी. टेक्सासमधलं बेलर विद्यापीठ, २००३. पॅट्रिक डेनेही नावाचा खेळाडू बेपत्ता झाला. खून झाला होता, आणि खुनी त्याचाच संघातला साथीदार. चौकशी सुरू झाली तसा कोच डेव्ह ब्लिस घाबरला, कारण डेनेहीची फी तो गुपचूप नियमाबाहेर भरत होता. ते लपवायला त्याने काय ठरवलं? मेलेला मुलगा ड्रग विकायचा आणि त्यातून फी भरायचा, असं चौकशीत सांगा, म्हणून त्याने खेळाडूंना आणि असिस्टंटना पढवायला सुरुवात केली. मेलेलं पोर काही उठून बोलणार नव्हतं. एबार राउज हा नवा असिस्टंट कोच. त्याला नोकरीची धमकी मिळाली, तेव्हा त्याने खिशात छोटा टेपरेकॉर्डर ठेवून ब्लिसचं बोलणं टिपलं आणि चौकशीवाल्यांना दिलं.

राउजला काय मिळालं? त्या वेळी देशातल्या काही नामांकित कोचनी टीव्हीवर सांगितलं, की गुपचूप टेप करणारा माणूस आमच्याकडे नोकरीला नको. राउजला वरच्या दर्जाच्या कॉलेजात परत कोचिंग मिळालं नाही. ब्लिसला काही वर्षांनी एका छोट्या कॉलेजात कोचची खुर्ची मिळाली. या धंद्यात निष्ठा या शब्दाचा अर्थ काय लावतात, हे मला त्या एका प्रकरणातून जेवढं कळलं तेवढं दहा चरित्रांतून कळलं नसतं.

आणि आज? आज सत्ताच हलली आहे. २०१८ मध्ये कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी एक ऑनलाइन नोंदवही सुरू झाली, तिला पोर्टल म्हणतात. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपलं नाव, चेहरा जाहिरातीत वापरून पैसे कमावता येतात. आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा. म्हणजे कोचला दर उन्हाळ्याआधी आपल्याच पोरांची मनधरणी करावी लागते. नाकाला नाक लावून ओरडायचं, तर ते पोर एप्रिलमध्ये पोर्टलवर दिसणार.

बऱ्याच जुन्या कोचना हे मानवलं नाही. व्हिलानोव्हा विद्यापीठाचे कोच जे राइट यांनी २०२२ मध्ये साठाव्या वर्षीच खुर्ची सोडली. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट तर २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगाम तीन आठवड्यांवर आलेला असताना गेले. या नव्या वातावरणात कोच व्हायला मी योग्य माणूस नाही, असं प्रामाणिकपणे सांगून. हे तेच बेनेट, ज्यांनी २०१९ ला विजेतेपद मिळवल्यावर वाढीव पगार नाकारला आणि तो पैसा संघाच्या इतर लोकांना द्या म्हटलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पैशाने खेळ नासला, निष्ठा संपली, अशी जी सरसकट हळहळ ऐकू येते ती मला अर्धीच पटते. निष्ठा पोरांनीच का दाखवायची? कोच तर पूर्वीपासूनच हवं तिकडे जात होते. आणि सगळेच काही गेले नाहीत. साउथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली आणि कनेक्टिकटचे डॅन हर्ली याच नव्या दिवसांत जिंकतायत. हर्ली तर पंचांवर असे चवताळतात की बघणाऱ्याला धाप लागावी, तरी पोरं त्यांच्याकडे यायला तयार असतात.

परत जायच्या आदल्या दिवशी अण्णांना चॅपल हिलला नेलं. डीन स्मिथच्या नावाचं स्टेडियम बाहेरून दाखवलं. त्याला आपलं नाव देऊ नका म्हणून ते नाराज होते, हेही सांगितलं. आणि मग मृत्युपत्राची गोष्ट. २०१५ मध्ये स्मिथ गेले. महिनाभराने त्यांच्या हाताखाली खेळलेल्या जुन्या खेळाडूंच्या घरी टपालाने एकेक पाकीट आलं. आत २०० डॉलरचा चेक आणि निरोप: डीन स्मिथ यांच्याकडून, बाहेर जाऊन छान जेवा.

"किती जणांना?"

"एकशे ऐंशीच्या आसपास."

"त्या जॉर्डनला पण?"

"सगळ्यांना. जे चार वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवत होते त्यांनाही तेवढेच."

अण्णा बराच वेळ स्टेडियमच्या छताकडे बघत होते. मग म्हणाले, "दोनशेत इथं दोघांचं जेवण होतं का रे?"

"होतं की. चांगलं होतं."